शुक्रवारचा जंजिरा

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. (आता अहिल्यानगर. २०२४ साली नाव बदलले, पण बोलताना जीभ अजून नगरवरच जाते, तेव्हा सांभाळून घ्या.) आमच्याकडे पाणी म्हणजे मुळा धरणाचे, ठरल्या वेळी नळाला येणारे, आणि आले की घरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवायचे. अशा गावात मी एकतीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला आणि त्या इतिहासात समुद्र पुष्कळ होता. आरमार, सिंधुदुर्ग, खांदेरी, जंजिरा. नकाशावर निळ्या खडूने पट्टा ओढायचा आणि त्यात एक ठिपका द्यायचा. "हा जंजिरा. हा शेवटपर्यंत मराठ्यांना मिळाला नाही." मुले वहीत ठिपका काढत. मीही तेवढाच पाहिलेला होता, खडूचा.

तो ठिपका वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रत्यक्ष पाहिला. त्याचीच ही हकीकत. नातेवाईक मंडळींना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगून झाली आहे, पण प्रत्येकाला वेगळा तुकडा मिळाला, म्हणून एकदा सलग लिहून काढते.

ठरवून गेलो नव्हतो, हे आधी सांगते. आमच्या घरी आता न ठरवता काही होत नाही. २०२३ च्या दिवाळीत यांच्या हृदयात दोन स्टेंट घातल्या, तेव्हापासून सावेडीच्या घरातून पाइपलाइन रोडवर भाजीला जायचे तरी खिशात गोळ्या, फोन चार्ज, आणि पुण्याच्या लेकीला कल्पना. त्यात १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. टीव्हीवर ते पाहिल्यापासून लेकीने आणखी एक कलम वाढवले होते, "आई, कुठेही गेलात तरी बोटीत बसायचं नाही." आम्ही दोघांनी माना हलवल्या होत्या. नगरात बोट आहेच कुठे!

जानेवारी २०२५ च्या अखेरीला रोह्याला यांच्या भाच्याची वास्तुशांत होती. गुरुवारी कार्यक्रम झाला. शुक्रवारी, ३१ तारखेला सकाळी आम्ही पुण्याच्या गाडीसाठी रोह्याच्या एस.टी. स्टँडवर बसलो होतो. गाडीला अवकाश होता. समोर एक लाल गाडी लागली, पाटी 'मुरूड'. मी ती पाटी वाचली आणि बहुधा थोडी मोठ्याने वाचली. शिक्षकांना ती सवयच असते. हे म्हणाले, "मुरूड म्हणजे तुझा जंजिरा ना?"

"माझा कुठला, सिद्दीचा."

"मग बघून येऊ. उद्या जाऊ पुण्याला."

मी यांच्या तोंडाकडे पाहिले. सव्वा वर्षात या माणसाने स्वतःहून 'जाऊ' म्हटले नव्हते. 'जावे लागेल का' असेच म्हणत. मी पिशवी उचलली. आता विचार केला असता तर बसलोच असतो तिथे. ज्येष्ठांच्या सवलतीचे तिकीट काढले आणि निघालो. माझे म्हणाल तर तेही नाही, बायकांना अर्धे तिकीट असतेच. लेकीला काय कळवायचे ते मुरूडला पोचल्यावर ठरवू म्हटले.

मुरूडहून राजपुरीपर्यंत रिक्षा केली. रस्त्याला वळण आले आणि समुद्र दिसला, आणि समुद्रात तो. इतका जवळ असेल असे वाटले नव्हते. पाण्यातून सरळ वर आलेला काळा तट, त्याला डोंगर नाही, पायथा नाही. मी शिकवताना 'अभेद्य' हा शब्द किती वेळा फळ्यावर लिहिला असेन! त्या शब्दाला असा आकार असेल असे कधी डोळ्यांपुढे आले नव्हते.

धक्क्यावर उतरलो तर सगळे सामसूम. होड्या ओळीने बांधलेल्या, माणूस एकही नाही. भेळवाला म्हणाला, "आज शुक्रवार ना. होडीवाले नमाजाला गेले. दोन वाजता सुरू होईल." घड्याळात सव्वाबारा. ऊन डोक्यावर. यांना फार वेळ उन्हात ठेवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले.

आम्ही धक्क्यामागच्या घरांच्या बाजूला सावली शोधत गेलो. एका घराच्या पडवीत सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यापाशी एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. डोक्यावर पांढरी ओढणी. आमच्याकडे पाहून त्यांनी काही विचारले नाही. नाव नाही, गाव नाही. "या, वर बसा, ऊन आहे," एवढेच. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "पाणी आणा गो." मग यांच्याकडे पाहून, "आधी गूळ आण." सून गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली.

गूळपाणी! आमच्या देशावर उन्हातून आलेल्या माणसाला देतात तेच. मला वाटत होते हा आमचाच रिवाज.

मग गाव विचारले गेले. नगर म्हटल्यावर आजींना काही बोध झाला नाही, पण त्यांचा मुलगा नमाजाहून परतला, तो होडीवरचा तांडेल. तो एकदम म्हणाला, "नगर? म्हणजे निजामशहाचं नगर? मग हा किल्ला तुमच्याच बादशहाचा की!"

मला हसू आले, कारण त्याचे म्हणणे खरेच होते. मी वर्गात हाच धागा नगरच्या मुलांना दाखवायचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीला आमच्याकडे मलिक अहमदने निजामशाही उभी केली, १४९४ साली भिंगारजवळ शहर वसवले. त्याच सुमाराला इकडे या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. समुद्रावरच्या चाचांपासून बचाव व्हावा म्हणून बांधलेला. पुढची गोष्ट परंपरेने सांगतात ती अशी, की निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात गलबते घेऊन आला, आसरा मागितला, आणि दारूची पिंपे भेट देऊन कोळ्यांना बेसावध केले आणि मेढेकोट घेतला. पुढे १५६७ ते १५७१ च्या सुमारास निजामशाहीच्याच काळात बुऱ्हाणखानाने दगडी किल्ला बांधला. 'जंजिरा' हा शब्दच मुळी अरबी 'जझीरा'चा, म्हणजे बेट. आफ्रिकेतून आलेले हबशी, त्यांना आपण सिद्दी म्हणतो, ते निजामशाहीत मोठे झाले. त्यांतला सर्वांत मोठा मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा दौलतीचा कारभारी झाला आणि १६२४ साली आमच्या नगरजवळच्या भातवडीला, आजच्या भातोडीला, त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकदम हरवल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६३६ साली निजामशाही बुडाली. किल्ला मात्र सिद्दींकडे राहिला तो १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत.

हे सगळे मी त्या पडवीत सांगून टाकले. (हे म्हणतात, तास सुरू झाला की घंटा झाल्याशिवाय मी थांबत नाही.) आजी म्हणाल्या, "माझी सासू किल्ल्यातच जन्मली. तिथे वस्ती होती, घरं होती. मग हळूहळू सगळे काठावर उतरले. दळण, दवाखाना, शाळा, सगळ्याला होडी. कोण राहील?"

इतक्यात सून दारात येऊन उभी राहिली. तिला काहीतरी विचारायचे होते आणि विचारावे की नाही हे कळत नव्हते. शेवटी आजींनीच विचारले, "बाय, आमच्या भांड्यातलं चालतं का तुम्हाला?"

प्रश्न सरळ होता. त्यात राग नव्हता, खोच नव्हती. विचारायचा अनुभव असावा. यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती त्यांना दिसलीच होती. मी बोलायच्या आत हे म्हणाले, "आजी, मासमच्छी चालत नाही. भांडं चालतं. घासलं की भांडं ते भांडंच."

सून हसली आणि आत गेली. पाऊण तासाने बाहेर आले ते तांदळाचे घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. पांढरेशुभ्र, जाळीदार, कडेला मऊ घावन. शेजारून तवा आणला होता, कारण घरच्या तव्यावर सकाळी मासे तळले होते. हे तिने सांगितले नाही. तवा परत नेताना नात बोलली म्हणून कळले. यांनी चार घावन खाल्ले. सव्वा वर्षात मी यांना मोजून दोन पोळ्या घालते आहे.

नारळ त्यांच्याच वाडीतला होता. वाडी कुठली, विचारले तर आजींनी घरामागे बोट दाखवले. लहान लहान पोफळी. मोठे झाड एखादेच. "निसर्गात गेली," त्या म्हणाल्या. मला आधी वाक्य समजले नाही. मग उमगले. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ. ते रायगडच्या याच किनाऱ्यावर आले होते. टाळेबंदीच्या दिवसांत आपण टीव्हीवर वाऱ्याचा वेग वाचत होतो आणि इथे घरावरचे छप्पर उडून पोफळीच्या वाडीत पडले होते, आणि वाडी आडवी झाली होती. भातशेती गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. सुपारीचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे घेते. नारळाचेही तसेच. होड्या बंद, पर्यटक बंद, वाडी गेलेली. "मग काय केलंत?" मी विचारले. आजी म्हणाल्या, "लावली परत. दुसरं काय करायचं असतं?" पडवीतल्या त्या वाळत घातलेल्या सुपाऱ्या नव्या झाडांच्या पहिल्या फळाच्या होत्या.

दोन वाजले. तांडेल उठला. त्याने यांची चाल मघाशीच पाहिली होती. फिरवून न बोलता म्हणाला, "काका, होडीत चढणं सोपं आहे. किल्ल्याच्या दाराशी पायरीवर उतरणं अवघड. पाणी वर-खाली होतं, होडी हलते. आम्ही दोघं-तिघं धरू, काही होणार नाही. पण धरू द्यावं लागेल."

धरू द्यायचे म्हणजे काय, ते आमच्या घरात फक्त मला ठाऊक आहे. इस्पितळातून घरी आल्यापासून यांनी जिन्यावर माझा हातसुद्धा घेतलेला नाही. यांनी समुद्राकडे पाहिले, होडीकडे पाहिले आणि म्हणाले, "तू जाऊन ये. मी बसतो इथे."

"छे, मग राहू दे."

"एकतीस वर्षं शिकवलंस ना? जा."

मी उभी राहिले ती तशीच. अनोळखी गावात, अनोळखी घरात या माणसाला सोडून पाण्यापलीकडे जायचे? तिथे काही झाले तर मला हाक तरी ऐकू येईल का? आजी माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, आमच्या घरातले पुरुष बोटीवर गेले की वर्षा-वर्षाने यायचे. आम्ही समुद्राच्या भरवशावर माणूस ठेवायचो. तू माझ्या भरवशावर तासभर ठेव."

मी पर्समधून यांच्या गोळ्यांची डबी काढली. जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी करून सुनेला दाखवली. छातीत दुखते म्हणाले, घाम आला, तर ही एक, लगेच. आणि गाडी बोलवायची. तिने दोनदा विचारून घेतले आणि ती गोळी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. किल्ल्यावर असताना माझ्या डोळ्यांपुढे तट कमी आणि ती गाठच जास्त होती.

होडीत अंगावर जॅकेट चढवूनच बसवले. लेकीची आठवण झाली. शिडाची होडी. शीड भरले की ती एका अंगावर कलते आणि पोटात गोळा येतो. तट जवळ येत गेला तरी दरवाजा कुठे दिसेना. अगदी शंभर हातांवर गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये तो दिसला, जणू आत्ताच उघडला. शत्रूला दार सापडू नये अशी ती रचना. उतरताना दोघांनी माझे दोन्ही दंड धरले, "आता, मावशी!" म्हणाले आणि लाट वर आली त्या क्षणी मी पायरीवर होते. हे आले असते तर खरेच अवघड होते.

दारात पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प आहे. आत सगळीकडे पडझड, झाडोरा. सुरूलखानाच्या वाड्याच्या उभ्या भिंती. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. आमच्या दुष्काळी डोळ्यांना ते तोफांपेक्षा मोठे नवल वाटले. कलालबांगडी तोफेवर हात ठेवला तर ऊन असूनही ती फारशी तापलेली नव्हती. तटावरून पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी कांसा बेटावर बांधलेला. पुढे १६८२ साली संभाजीराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायचा प्रयत्न केला, तो कुठल्या बाजूने असेल याचा मी अंदाज घेत राहिले.

तांडेल बरोबर होता. पद्मदुर्गाकडे बोट करून त्याने मला लाय पाटलाची गोष्ट सांगितली. मला ठाऊक होती, पण मी गप्प राहून ऐकली. शिकवणाऱ्याला असे सुख क्वचित मिळते. गोष्ट अशी. लाय पाटील पद्मदुर्गाकडचा कोळी. त्याने मोरोपंतांच्या स्वारीत रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून देण्याची कामगिरी पत्करली आणि पार पाडली. पण धारकरी वेळेत पोचले नाहीत, उजाडू लागले, शिड्या काढून परतावे लागले. किल्ला गेला तो गेलाच. महाराजांनी तरी त्याचे धाडस ओळखले आणि पालखीचा मान दिला. लाय पाटील म्हणाला, आम्ही दर्यातली माणसे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्या गलबताचे नाव ठेवले 'पालखी'.

"म्हणजे मान पण राहिला आणि कामाची वस्तू पण मिळाली," तांडेल म्हणाला. आपल्या चुलत्याची गोष्ट सांगावी तसा तो सांगत होता.

पाऊण तासाने परतलो. धक्क्यावर पाय ठेवल्यापासून मी जवळजवळ पळतच त्या घरी गेले. पडवीत हे बसले होते. हातात अडकित्ता, पुढ्यात सुपारीची फोडे, आणि तोंड चालू! सून ओढणीची गाठ दाखवून म्हणाली, "तशीच आहे हो." अर्धा तास झोपलेही होते म्हणे, खाटेवर, आजींनी वारा घातला.

हे टपाल खात्यातून निवृत्त झाले. आजींचे मालक पूर्वी आखातात होते. त्यांचे ड्राफ्ट रजिस्टरने यायचे, तेव्हा पोस्टमन म्हणजे घरचा माणूस. तो आला की जेवल्याशिवाय जायचा नाही. त्यावरून यांची गाडी सुरू झाली होती. मी पोचले तेव्हा हे सांगत होते १९७२ च्या दुष्काळाचे. तेव्हा हे तेवीस वर्षांचे, पाथर्डी तालुक्यात सायकलवर टपाल वाटत. खडी फोडायला सगळे गाव गेलेले. एका वस्तीवर एक म्हातारी एकटी होती. मुलाची मनीऑर्डर यांनी तिच्या हातात ठेवली. तिने घरातला रांजण वाकडा करून, तळाचे पाणी तांब्यात घेतले. अर्धा तांब्या निघाला. तो तिने यांच्यापुढे केला. "मी म्हटलं, आजी, तुम्हाला राहू द्या. तर म्हणाली, माझा लेक पैसे पाठवतो, तू ते आणतोस, मग तू कोण माझा? पी. प्यालो. आजी, आज गूळपाणी दिलंत ना, तेव्हा तो तांब्या आठवला."

मी दारात उभी राहून ऐकत होते. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला. १९७२ चे सुकडी, मिलो, खडीची कामे, सगळे यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकले आहे. हा तांब्या कधी ऐकला नव्हता. माझ्या घरात तो कधी निघाला नाही. परक्या पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता निघाला. माणसाला काही गोष्टी आठवायला सुद्धा कुणीतरी दिलेले पाणी लागत असेल.

निघताना यांनी पाचशेची नोट नातीच्या हातात ठेवली. आजींनी ती नोट काढून परत यांच्या खिशात कोंबली. "होडीचे पैसे दिलेत, ते त्याच्या कामाचे. घरात खाल्लेल्याचे पैसे घेतले तर पाहुणा कसला आणि घर कसलं?" हे आग्रह करू लागले, त्यांचा आवाज चढू लागला. मला तर वाटले आता दोन्हीकडून भांडण होते की काय.

मला मघाची पालखी आठवली. मान द्यायचा तर ज्याला द्यायचा त्याला काय लागते ते आधी पाहावे. मी नातीकडे पाहिले. तिच्या मांडीवर पुस्तक होते. दहावीला होती, पूर्वपरीक्षा होऊन अभ्यासाची सुटी, बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून. पुस्तक इतिहासाचेच. मी विचारले, "काय अडतंय?" ती म्हणाली, "काही नाही, पाठ होत नाही." धडा होता 'पर्यटन आणि इतिहास'.

आता बघा मंडळी! जिच्या चुलत्याची होडी रोज पर्यटक घेऊन किल्ल्यावर जाते, जिची पणजी त्या किल्ल्यात जन्मली, ती पोर पर्यटनाची व्याख्या डोळे मिटून घोकत होती. मी बसले. म्हटले, "पुस्तक मीट. काल किती होड्या गेल्या? त्या माणसांनी गावात कुठे कुठे पैसे खर्च केले?" ती सांगू लागली. भेळवाला, रिक्षावाला, नारळपाणी, मुरूडचे लॉज. "हा झाला 'स्थानिक रोजगार'. आता सांग, किल्ल्याची पडझड कशाने होते?" ती म्हणाली, "खारा वारा, झाडांची मुळं, आणि लोक नावं कोरतात." "हा पुढचा धडा, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन." तासाभरात दोन्ही धडे झाले. तांडेल चहा हातात घेऊन उभ्याउभ्या ऐकत होता. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे आम्ही पुस्तकात आहोत?" मी म्हटले, "आहात तर. नाव तेवढं छापलेलं नाही."

पाच वाजता निघालो. आजींनी ओच्यात बांधून दहा-बारा सुपाऱ्या दिल्या. पहिल्या फळातल्या. त्या नाकारायचे धैर्य यांनाही झाले नाही. रिक्षापर्यंत तांडेलाने यांचा दंड धरला होता. पडवीच्या दोन पायऱ्या आणि धक्क्याचा उतार, तेवढेच. हे काही बोलले नाहीत आणि हातही काढून घेतला नाही. मी मागून चालत होते, मुद्दाम थोडी लांबून.

रात्री मुरूडला राहिलो, दुसऱ्या दिवशी पुण्याला. लेकीला सगळे सांगितले. ती पाच मिनिटे ओरडली. मग म्हणाली, "बाबांनी चार घावन खाल्ले? नक्की?"

१३ मे ला दहावीचा निकाल लागला. संध्याकाळी फोन आला. सामाजिक शास्त्रांत चांगले गुण. गणितात जेमतेम. आजींनी फोन घेतला आणि यांची तब्येत विचारली. पाऊस जवळ आला, होड्या बंद होतील, आता दिवाळीनंतर या, आणि या वेळी काकांना किल्ल्यावर नेऊच, असा निरोप. हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "सांग त्यांना, येतो म्हणावं. धरायला माणसं तयार ठेवा."

सुपाऱ्या अजून आहेत. हे जेवणानंतर एकेक खांड घेतात. डॉक्टरांनी सुपारी बंद सांगितली आहे, म्हणून नखाएवढीच.

जाणाऱ्यांसाठी थोडे. किल्ला सकाळी उघडतो, संध्याकाळी लवकर बंद होतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात. गुडघे दुखत असतील त्यांनी पायरीवर उतरताना होडीवाल्यांचे ऐकावे आणि हात द्यावा. पाणी बरोबर न्यावे, टोपी न्यावी. सगळीकडे लिहिलेले असते, शुक्रवारी जाऊ नका, दुपारी दोन तास होड्या बंद असतात. मी म्हणेन, घाई नसेल तर शुक्रवारीच जा.